फरास, सुतार आणि इंटिरियरवाला : पनवेलच्या निमित्ताने

नवीन पनवेल, कामोठे, खारघर या भागांत फ्लॅटचा ताबा मिळाला की कुटुंबापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : घराचे काम ‘इंटिरियर डेकोरेटर’कडे द्यावे की ‘इंटिरियर डिझायनर’कडे? पाट्या दोन्ही नावांच्या असतात. एकाच पाटीवर दोन्ही नावे असल्याचेही आढळते. बोलीने मात्र हा प्रश्न परस्पर निकालात काढलेला आहे. “आमच्याकडे सध्या इंटिरियर चाललंय,” असे आपण म्हणतो आणि ते करणाऱ्याला ‘इंटिरियरवाला’ म्हणतो. इंग्रजीत जे विशेषण होते ते मराठीत नाम झाले. ज्या दोन शब्दांत खरा भेद होता, ते दोन्ही गळून गेले आणि भेद न दाखवणारा शब्द तेवढा शिल्लक राहिला.

साहित्याच्या अभ्यासकांना या शब्दांतराचे कुतूहल वाटावे. ‘सजावट’ आणि ‘रचना’ या दोन क्रियांचा संबंध काय, हा प्रश्न आपल्याकडे काव्याच्या संदर्भात हजार वर्षांहून अधिक काळ चर्चिला गेला आहे. घराच्या संदर्भात तो फारसा कुणी विचारलेला नाही. तो विचारायला पनवेल हे सोयीचे गाव आहे, कारण सुताराच्या गावापासून सिडकोच्या नगरापर्यंतचा सगळा प्रवास या एकाच परिसरात पाहायला मिळतो.

१. खणाचे घर

पनवेल हे खाडीच्या तोंडाशी वसलेले जुने बंदर. बोरघाटाचा रस्ता १८३० साली चाकांच्या वाहतुकीला खुला झाला आणि मुंबईहून जलमार्गाने पनवेलला व तेथून गाडीने पुण्याला जाण्याचा मार्ग रुळला. नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे महाराष्ट्रातील अगदी आरंभीच्या नगरपालिकांपैकी एक. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा एक धंदा आवर्जून नोंदला आहे : बैलगाडीची चाके तयार करण्याचा. घाट चढणाऱ्या गाड्यांचा राबता असलेल्या गावात हा धंदा भरभराटीला यावा हे स्वाभाविकच. पुढे १८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली, ती कर्जतवरून. पनवेलचा व्यापार त्यामुळे बाजूला पडला, पण सुतारकामाची परंपरा काही एकाएकी नाहीशी झाली नाही.

चाकात रचना आणि सजावट वेगळी करता येत नाही. तुंबा, आरे आणि लोखंडी धाव यांतील एकही भाग शोभेचा नसतो, आणि तरी चांगले चाक देखणे असते. हाच सुतार घरही बांधत असे, किंवा निदान घराचा लाकडी सांगाडा उभा करत असे. आपल्याकडे जुने घर चौरस फुटांत मोजले जात नव्हते, ते खणांत मोजले जाई. दोन खांबांच्या वा तुळयांच्या मधली जागा म्हणजे एक खण. लाकूड किती लांबीचे मिळते यावर खणाचे माप ठरे, खणावर खोलीचे माप ठरे, आणि खोलीच्या मापावर माणसांचे उठणे-बसणे. पुढे टेबलाला आणि कपाटाला जो ओढता कप्पा आला त्यालाही मराठीने ‘खण’च म्हटले. घर आणि लाकडी सामान ही एकाच हाताची कामे होती याची साक्ष हा शब्द आजही देतो.

या घरातले पुष्कळसे ‘फर्निचर’ मुळी भिंतीतच असे. कोनाडा, देवळी, फडताळ, खुंटी, माळा ही नावे उच्चारून पाहावीत. यांपैकी एकही वस्तू घर बांधून झाल्यावर विकत आणलेली नाही. दिव्यासाठी देवळी भिंत रचतानाच ठेवावी लागे, खुंटी भिंतीत चिणावी लागे. ओटी, ओसरी, पडवी, माजघर हा क्रमही कुणी ‘डिझाइन’ केलेला नव्हता, तरी त्यात एक पक्के नियोजन होते. बाहेरच्या माणसाने कुठवर यायचे, बायकांनी कुठून वावरायचे, शिवाशिव कुठे सुरू होते, हे सारे त्या क्रमात गोठलेले होते. म्हणून जुन्या घराविषयी हळवे होताना आपण सावध राहिलेले बरे. ती रचना सुसंगत होती, पण सगळ्यांना सारखीच सुखाची नव्हती. माजघराच्या अंधाराचा हिशेब त्या सौंदर्यात धरावाच लागतो.

२. फरासाचा वारसा

मग ‘डेकोरेटर’ कुणाचा वारस? आमच्या मते फरासाचा. मराठी राज्यव्यवहारात अठरा कारखाने सांगितले जातात, त्यांत फरासखाना हा एक. गालिचे, बिछायती, तंबू, कनाती यांची निगा राखणे आणि प्रसंग येईल तेव्हा त्या अंथरणे-उभारणे हे त्याचे काम. पुण्यात हे नाव आज एका पोलीस ठाण्यापुरते उरले आहे, परंतु फरासाची कला लुप्त झालेली नाही. तो दरबाराची जागा काही काळासाठी बदलत असे. बैठक घातली, लोड-तक्के मांडले, हंड्या-झुंबरे लावली की साधा सोपा दिवाणखाना होई. प्रसंग संपला की सारे गुंडाळून परत कोठीत. सुताराचे काम टिकण्यासाठी असे, फरासाचे उचलून नेण्यासाठी.

तालुक्याच्या गावी ‘डेकोरेटर्स’ ही पाटी मुख्यतः कुणाच्या दुकानावर असते? मंडपवाल्याच्या. ‘मंडप डेकोरेटर्स’ हा जोडशब्द मराठी गावात पुरता मुरलेला आहे. लग्नाचा मंडप, सभेचे व्यासपीठ, उत्सवाची आरास ही त्याची कामे, आणि ती थेट फरासाच्या परंपरेतली आहेत. तीच गोष्ट ‘डेकोरेशन’ या शब्दाची. घरोघरी तो ऐकू येतो तो भाद्रपदात, गणपतीच्या मखरापुरता. म्हणजे मराठी माणसाच्या मनात ‘डेकोरेशन’ म्हणजे प्रसंगापुरती, उतरवता येणारी शोभा. हा अर्थ चुकीचा नाही. उलट तो मूळ भेदाच्या फार जवळ जाणारा आहे. जे भिंतीला धक्का न लावता आणता येते आणि धक्का न लावता काढता येते, ती सजावट.

३. मुंबईतील फाळणी

सुतार आणि फरास यांच्यात उच्चनीचता असेल, पण त्यांच्या कामांची नावे एकमेकांत मिसळलेली नव्हती. ती मिसळली मुंबईत, एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. १८६५ साली तेथे सजावटीचे चित्रकाम, वास्तूंसाठी शिल्पकाम आणि लोखंडाचे नक्षीकाम यांचे वर्ग निघाले. जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग हे त्यांतले प्रमुख शिक्षक. इमारतीचा आराखडा एकाने करायचा आणि तिच्यावरचे नक्षीकाम दुसऱ्याने, ही विभागणी येथे अभ्यासक्रमाच्या रूपाने स्थिर झाली. वास्तुकलेचे शिक्षण पुढे त्याच आवारात स्वतंत्र झाले. अंतर्गत सजावटीचा अभ्यासक्रम मात्र दीर्घकाळ कलाशाळेतच, चित्र-शिल्पाच्या शेजारी राहिला. सजावट म्हणजे कला आणि रचना म्हणजे वास्तुशास्त्र अशी वाटणी होऊन गेली.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत मुंबईत फ्लॅट आला. मरीन ड्राइव्हच्या इमारती, शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी येथे मध्यमवर्ग राहायला गेला. त्या घरात माजघर नव्हते, पडवी नव्हती. ‘हॉल’ होता, ‘बेडरूम’ होती, आणि त्यांत काय मांडायचे हे सांगणारी परंपरा नव्हती. नोव्हेंबर १९३७मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवले, ते या पोकळीत. सजवलेल्या खोल्या, स्वयंपाकघरे, न्हाणीघरे लोकांपुढे मांडून दाखवण्यात आली. घराच्या आतल्या भागाविषयी सल्ला देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्नच त्या निमित्ताने जाहीरपणे मांडला गेला असे म्हणता येईल. फर्निचरच्या दुकानदाराचा, की वास्तुविशारदाचा?

परदेशातही हा वाद चालूच होता, आणि साहित्याच्या वाचकांना ठाऊक असलेले एक नाव त्यात आहे. इडिथ व्हॉर्टन या कादंबरीकर्तीने वास्तुविशारद ऑग्डन कॉडमन यांच्यासह १८९७ साली ‘द डेकोरेशन ऑफ हाउसेस’ हे पुस्तक लिहिले. पडदे-गाद्यांच्या ढिगाने खोली सुंदर होत नाही, दारे-खिडक्या-भिंती यांच्या प्रमाणांतून होते, हे तिचे म्हणणे. पुस्तकाच्या नावात ‘सजावट’ आहे, पण आग्रह रचनेचा आहे! अमेरिकेतील व्यावसायिकांनी १९३१ साली संस्था काढली ती ‘डेकोरेटर’ या नावाने. १९६१ साली तिच्या नावात ‘डिझायनर’ शब्द आला. काम एका रात्रीत बदलत नाही, नाव बदलू शकते. आपल्याकडे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१चीच, आणि अंतर्गत रचनाकारांची संस्था १९७२ची. या दोन तारखांच्या दरम्यान ‘डिझायनर’ हा शब्द प्रतिष्ठित झाला आणि ‘डेकोरेटर’ एक पायरी खाली उतरला.

४. पडदा आणि भिंत

हेच स्थित्यंतर मराठी रंगभूमीवर अधिक स्पष्ट दिसते. संगीत नाटकांच्या काळात रंगमंचाचा परिसर रंगवलेल्या पडद्यांचा होता. बाग, रस्ता, महाल, जंगल असे पडदे ठरलेले असत, आणि नाटक कोणतेही असो, महालाचा पडदा महालच दाखवी. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले तेव्हा पडद्याच्या जागी भिंती असलेली, दारे-खिडक्यांची खोली आली. पात्र आता दार उघडून आत येऊ लागले, खुर्चीत नुसते शोभेसाठी बसेनासे झाले. खोली हाच नाटकाचा एक घटक झाला.

या बदलाबरोबर ‘नेपथ्य’ शब्दाचाही प्रवास पूर्ण झाला. संस्कृतात त्याचा अर्थ वेशभूषा आणि पडद्यामागची जागा. मराठीत तो रंगमंचावरच्या स्थलरचनेसाठी स्थिरावला. पुढे द. ग. गोडसे यांच्यासारख्या नेपथ्यकाराने नेपथ्य आणि कलामीमांसा या दोन्ही क्षेत्रांत काम केले हा योगायोग मानता येणार नाही. जागा कशासाठी आहे असे विचारणारा माणूस ओघानेच मीमांसक होतो. १९८५ साली महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त तर घर हेच नाटकाचे नाव झाले. तेथे वाडा सजवलेला नाही, तो खचतो आहे, आणि ते खचणेच नाट्यवस्तू आहे.

पडदा रंगवणारा डेकोरेटर आणि भिंत उभारणारा डिझायनर अशी सोपी समीकरणे मात्र आम्ही मांडणार नाही. अलंकाराला बाहेरून चिकटवलेली शोभा मानणे ही आपल्या परंपरेतील एकमेव भूमिका नाही. ‘अलम्’ म्हणजे पुरेसे. अलंकार म्हणजे एखादी गोष्ट पुरेशी, पूर्ण करणे. आनंद कुमारस्वामी यांनी १९३९ सालच्या ‘ऑर्नामेंट’ या निबंधात अनेक भाषांतील शब्दांच्या आधारे हेच दाखवले, की शोभा हा अर्थ मागाहूनचा, मूळ अर्थ सिद्ध करण्याचा. वामनाने रीतीला, म्हणजे विशिष्ट पदरचनेला, काव्याचा आत्मा मानले. पण त्यानेच सौंदर्य या व्यापक अर्थानेही अलंकार शब्द वापरला. आणि अकराव्या शतकात क्षेमेंद्राने औचित्याचा निकष पुढे आणला. मेखला गळ्यात आणि हार कमरेला घातला तर दागिना अस्सल असूनही हसे होते, हा त्याचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. तेव्हा रचना श्रेष्ठ आणि सजावट कनिष्ठ, हा विसाव्या शतकातील युरोपीय आधुनिकतावादाचा निवाडा आपण मुकाट्याने स्वीकारण्याचे कारण नाही. उंबऱ्यावरची रांगोळी रोज पुसली जाते म्हणून ती क्षुद्र ठरत नाही. निकष हवा तो औचित्याचा.

५. सिडकोचे घर

आता पुन्हा पनवेलकडे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या मुंबईची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन या नगरासाठी निश्चित झाली. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जे आंदोलन केले त्यात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्याच लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण आले. या परिसरातील घराचा इतिहास लिहिताना हे वगळता येत नाही. ज्या जमिनीवर आजचे फ्लॅट उभे आहेत तिच्यावर आधी भातखाचरे होती, आणि भूखंडाच्या मोबदल्यातून त्याच गावांत आरसीसीचे बंगले उठले. ओटीची जागा ‘पोर्च’ने घेतली. त्या बंगल्यांना भडक म्हणून हिणवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ज्यांचे खण मोजायचे माप, बांधायचे साहित्य आणि बांधणारा कारागीर हे तिन्ही एका पिढीत बदलले, त्यांच्या हाती आपलेपणाची खूण म्हणून रंगच उरतो.

याच नगरात एक वेगळा प्रयोगही झाला. बेलापूरला कोरियांनी १९८३ ते १९८६ या काळात आर्टिस्ट्स व्हिलेज रचले. ८ मीटर लांबी-रुंदीच्या अंगणाभोवती सात घरे, भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरांचे, आणि कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. कारण सरळ होते. ज्याला जेव्हा परवडेल तेव्हा त्याने गवंड्याकडून आपले घर वाढवावे, शेजाऱ्याला विचारण्याची गरज पडू नये. पुढे लोकांनी खरोखरच घरे वाढवली, कित्येकांनी पाडून नवी बांधली. मूळ चित्र पुसले गेले म्हणून हळहळणारे आहेत. आम्हांला मात्र तो प्रयोगाचा पराभव वाटत नाही. राहणाऱ्याला पुढे काय करावेसे वाटेल यासाठी जागा सोडणे, ही रचनेची फार मोठी जबाबदारी आहे.

नेहमीच्या फ्लॅटमध्ये ती जागा नसते. १९९८ साली उपनगरी रेल्वे पनवेलपर्यंत आली आणि मुंबईत परवडत नाही म्हणून इकडे येणाऱ्यांची रीघ लागली. त्या कुटुंबांच्या हाती पडते ते बिल्डरने ठरवलेले चौकोन. त्यात फरक करता येण्यासारखे काय असते, हे एका उदाहरणावरून पाहू : स्वयंपाकघरातला ओटा. जुन्या मराठीत ओटा म्हणजे घराबाहेरचा, बसण्याउठण्याचा चौथरा. चूल जमिनीवर होती. उभ्याने स्वयंपाक सुरू झाला तसा हा शब्द बाहेरून आत आला. ओट्याची उंची सामान्यतः पावणेतीन फुटांच्या आसपास ठरीव असते, मग घरातली बाई पाच फुटांची असो वा साडेपाच. त्यावर काळा ग्रॅनाइट बसवायचा की पांढरा, ही सजावट. तिची पाठ दुखू नये म्हणून उंची बदलायची, भांडी घासण्याची जागा आणि शेगडी यांत किती अंतर ठेवायचे हे ठरवायचे, ही रचना. पहिल्याचे छायाचित्र चांगले येते. दुसरे दिसत नाही, वीस वर्षे जाणवत मात्र राहते.

६. निवड

कायद्याकडे पाहावे तर तो या निवडीत फारशी मदत करत नाही. १९७२च्या वास्तुविशारद अधिनियमाने ‘आर्किटेक्ट’ या उपाधीला संरक्षण दिले. सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२० रोजी दिलेल्या निकालातही हे संरक्षण उपाधीपुरते आहे, त्या स्वरूपाचे काम करण्याला त्याने बंदी होत नाही, असे म्हटले. ‘डेकोरेटर’ आणि ‘डिझायनर’ या शब्दांना तर असे संरक्षणही नाही. कोणीही कोणतीही पाटी लावू शकतो. म्हणून नाव न पाहता काम पाहावे लागते.

येथे जे पणाला लागते ते अभिरुचीपुरते नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धीसाई ही चारमजली इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर नूतनीकरणासाठी जे फेरफार चालले होते त्यांत आधाराच्या बांधकामाला हात लागल्याचा आरोप झाला. जे आपण ‘आतले काम’ म्हणतो ते वरच्या मजल्यांवरच्या कुटुंबांच्या दृष्टीने आतले नसतेच. फरास चुकला तर बैठक वाकडी होते. भिंत कोणती आणि आधार कोणता हे न कळणारा माणूस चुकला तर तेवढ्यावर भागत नाही.

तेव्हा आमचे उत्तर थोडक्यात असे. रंग, पडदे, दिव्यांच्या शेड, सोफ्याचे कापड, भिंतीवरची चित्रे एवढेच बदलायचे असेल तर चांगला डेकोरेटर पुरेसा आहे, आणि त्याच्याकडे जाण्यात कमीपणा नाही. हाताला रंग-पोत कळणे ही स्वतंत्र विद्या आहे. नळ, वीज, दार, भिंत, ओटा, माळा यांपैकी कशालाही हात लावायचा असेल तर डिझायनर हवा. आणि भिंत पाडायची भाषा निघाली तर डिझायनरच्याही आधी इमारतीच्या सांगाड्याचे गणित जाणणारा अभियंता हवा, सोसायटीची लेखी परवानगी हवी. समोरचा माणूस यांपैकी कोण, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. तो पहिल्या भेटीत कॅटलॉग उघडतो की प्रश्न विचारतो, हे पाहावे. घरात म्हातारे कोण, अभ्यास कोण करते, पाहुणे किती येतात, देव कुठे, वाळवण कुठे, असे विचारून मग जो मापांसह नकाशा काढतो तो रचनाकार, त्याची पाटी काहीही असो.

पनवेलच्या जुन्या सुताराला हे प्रश्न विचारावे लागत नव्हते, कारण उत्तरे रूढीने दिलेली होती आणि ती त्याला पाठ होती. ती सगळीच न्याय्य नव्हती. रूढी मोडली हे बरेच झाले. पण ती मोडल्यावर प्रश्न विचारण्याचे काम आपल्यावर आले आहे, आणि ‘इंटिरियर’ या एका शब्दाच्या आड आपण ते टाळत आलो आहोत. मराठीने निदान ‘सजावट’ आणि ‘रचना’ हे दोन शब्द वेगळे राखावेत असे आम्हांला वाटते. कंत्राटावर सही करण्यापूर्वी, आपण या दोहोंपैकी कशाचे पैसे देत आहोत हे प्रत्येकाला स्वतःच्या भाषेत सांगता आले पाहिजे.